विषय : शस्त्र परवाना मिळणेबाबत

सात वर्षांत अकरा अर्ज
मीच टाइप केले त्याचे,
तहसीलच्या भिंतीला पाठ लावून, फाटक्या छत्रीखाली.
अर्जदार उकंडराव झिंगरूजी बारंगे, वय अठ्ठावन्न,
मग एकोणसाठ.
माझ्या मशीनचा 'ठ' तुटला त्या साली साठ.
तो हातानं लिहिला.
मुक्काम पिंपळशेंडा, तालुका वरुड.
कारण : रानडुकरं.

चौकशीला आलेल्या जमादारानं विचारलं,
जिवाला धोका आहे का?
"माह्या नाही साहेब. भुईमुंगाच्या."
जमादारानं कागदावर लिहिलं,
धोका नाही.

मग कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं,
नाल्यापलीकडे, मध्यप्रदेशात, परवाना लवकर भेटते.
कोणी, ते त्यालाही धड आठवेना.
संत्र्याचा व्यापारी असेल,
किंवा साडू, ज्याच्या भिंतीवर बारा वर्षांपासून भरमार टांगलेली
आणि जिच्यानं त्यानं आजवर
एक कावळाही उडवला नव्हता.

इकडचं अडीच एकर दिलं, तिकडचं चार घेतलं.
तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी ट्रॉली भरली.
पत्र्याची कोठी, पाटा-वरवंटा, सरकीची तीन पोती,
पंचफुलाबाईचा माहेरचा पितळी गुंड.
कुत्रा चढेना. त्याला पोत्यात घालून चढवला.
डुकरं हाकलायचा तेलाचा डबा, पार चेपलेला,
उकंडरावनं धुऱ्यावर उलटा ठेवला.
"आता याचं काय काम."

बारावा अर्ज मी हिंदीत टाइप केला.
मशीन तेच, अक्षरं तीच,
'पडताळणी'चं फक्त 'सत्यापन' झालं.
लवकर म्हणजे चौदा महिने लागले.
मग त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला :
बारशाच्या पोराला धरावं तशी
दोन्ही हातांवर बंदूक,
आणि मागं, अर्धी कापलेली, पंचफुलाबाई.

त्याचं इकडचं वावर माझ्या मेहुण्यानं घेतलंय. वासुदेवनं.
तो सांगतो,
रात्री दोनच्या सुमारास तिकडे बार निघतो.
आभाळातच. जनावर मारायची मुभा त्या कागदात नाही.
घटकाभरात नाला फुटल्यासारखा वाजतो
आणि डुकरं महाराष्ट्रात येतात,
पिल्लांसकट, रहिवासी दाखल्याशिवाय.
वासुदेव उठतो. धुऱ्यावरचा तोच डबा उचलतो
आणि उकंडरावच्याच काठीनं बडवतो.
डुकरं परत फिरतात.
तिकडे उकंडराव पुन्हा दारू ठासतो.
असं पहाटेपर्यंत
दोन राज्यांत.

सोमवारी पहिल्या बसनं पंचफुलाबाई आली.
माझ्यासमोर उकिडवी बसली,
पदराच्या गाठीतून कागद काढला, पण दिला नाही.
"डब्याच्या आवाजानं झोप मोडे, बाप्पा,
पण मंग लागे बी.
आता डुकरं येत नाहीत त्या रात्रीबी मी जागाच रायतो.
नातू आला का त्याले वसरीत झोपू देत नाही.
छर्रे मोजतो. सकाळी एकदा, दिवा लावताना एकदा.
काल एक कमी भरला.
घर झाडून काढलं, पोरगं उलटं करून पाह्यलं,
मंग सापडला,
उखळात."

दोन्ही हातांनी तिनं उखळाएवढा गोल केला
आणि तो तसाच धरून ठेवला थोडा वेळ.

"एक अर्ज लिहून द्या."
"काय म्हणून लिहू?"
"तुमाले मालूम. बारा लिहिले तुमी."

कागद घातला, खाली कार्बन.
'प्रति' टाइप केलं आणि थांबलो.
कोणत्या जिल्ह्याचे साहेब? कोणत्या भाषेत?
आणि अर्जदार कोण, ज्याच्या नावावर ती आहे तो
तर तिकडे दुपारचा झोपला असेल,
रात्रीचं जागरण झालेलं.

ती मशीनकडं बघत होती.
किल्ल्यांच्या रांगेत दातासारखी पडलेली फट
बोटानं दाखवून म्हणाली,
"हे अक्षर अजून नाही बसवलं का तुमी?"